बॉनेटच्या आतला लाल डाग

बायको गेल्याला चौदा महिने झाले. गॅरेजमधली गाडी अजून अर्धीच आहे. देवळात भेटणारी पोरं विचारतात, "काका, गाडी कधी पुरी होणार?" मी म्हणतो, होईल तेव्हा होईल. खरं म्हणजे तिला हात लावावासा वाटत नाही. का, ते सांगतो.

ही रस्त्यावर चालवायची गाडी नव्हे. इथे अमेरिकेत तिला मिजेट म्हणतात. शर्यतीची बुटकी गाडी, माझ्या कमरेएवढी. एकच माणूस बसणार, तोही कोंबून. चाकं उघडी, दिवे नाहीत, स्टार्टर नाही. मागून दुसऱ्या गाडीने ढकलल्याशिवाय इंजिन पेटत नाही. माझ्या जन्माच्या आधी इकडे गावोगावी मातीचे गोल ट्रॅक होते, त्यांच्यावर ह्या गाड्या पळायच्या. कंपनीत बनलेल्या थोड्या. बाकीच्या कुणीतरी घरामागच्या शेडमध्ये ठोकून काढलेल्या. त्यामुळे नंबर नाही, कागद नाही. गाडी कुणाची, कुठे पळाली, कुणी चालवली, हे ज्याचं त्याने शोधायचं.

माझी मिळाली पेनसिल्व्हेनियात, एका गोठ्यात. वर निळा रंग, मागच्या निमुळत्या शेपटीला पांढरा पट्टा, सीटमध्ये कोंबड्यांची घाण. बायकोने सगळीकडून फिरून बघितली.

"सुरू कशी होते?"

"ढकलावी लागते."

"मग तुमचीच बहीण आहे. घ्या."

मी शिकलेला नाही. सातवीत नापास झालो आणि कोल्हापुरात एका गॅरेजात डेंटिंगला लागलो. बायको नर्स. तिच्या नोकरीवर आम्ही अमेरिकेत आलो, माझ्या नव्हे. मी इथेही बॉडी शॉपमध्ये पत्राच ठोकला, जन्मभर. इंग्रजी बोलतो ते कामापुरतं. वाचायला लागलो की अर्ध्या ओळीत दम लागतो. तेव्हा आमची वाटणी ठरली. लोखंड माझं, कागद तिचा. मी गाडी नीट करायची, तिने गाडीचा इतिहास काढायचा.

आणि तिथेच मी घाण केली.

कोल्हापूरच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती. पत्रा उघडा केल्याशिवाय गाडीबद्दल बोलायचं नाही. आत पुट्टी किती, गंज किती, कुणी काय लपवलंय, रंगाखाली काही दिसत नाही. गाडी घरी आली आणि मी त्याच आठवड्यात घासायला बसलो. पॉलिश पेपर, पाणी, खरखर, खरखर. निळ्याखाली पिवळा होता, त्याच्याखाली अजून काहीतरी. मी बघितलंसुद्धा नाही. चार दिवसांत अ‍ॅल्युमिनियम चांदीसारखं बाहेर आलं. मी खूश. बायकोला हाक मारली.

ती आदल्या रात्रीपर्यंत कॉम्प्युटरवर वाचत होती. दारात उभी राहिली.

"अहो, रंगाचे थर कुठायत?"

"घासले."

"सगळे?"

"सगळे. बघ की, कसा पत्रा आहे."

मग तिने सांगितलं. जुन्या शर्यतीच्या गाडीचा इतिहास रंगाच्या थरांत असतो. प्रत्येक मालक आपला रंग चढवतो, आपला आकडा लिहितो. जाणकार माणसं ब्लेडने एकेक थर सोलतात आणि खालचा आकडा वाचतात. तो आकडा जुन्या फोटोत शोधतात. मी तो सगळा आकडा पाण्यात कालवून मोरीत सोडला होता. ती रागावली नाही. दोन दिवस बोलली नाही, एवढंच.

तरी तिने नाद सोडला नाही. शेतकऱ्याने गाडी कुठून आणली, त्याच्याआधी कुणाकडे होती, असं करत करत तीन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी दोन तासांच्या अंतरावर राहणारी एक म्हातारी सापडली. आता वय एकोणनव्वद. तिच्या वडिलांनी अशीच गाडी स्वतःच्या हाताने बांधली होती आणि त्याच भागातल्या ट्रॅकवर पळवली होती. ती लहान असताना वडील एकदा घरातून निघून गेले ते आलेच नाहीत. आईने गाडी विकून टाकली. म्हातारीला आठवत होतं इतकंच, की गाडी गडद लाल होती आणि ती सीटमध्ये बसून बाहुलीला जेवू घालायची. मरायच्या आधी तिला एकदा त्या सीटला हात लावायचा होता.

बायकोने तिला लिहून टाकलं, "तुमची असो की नसो, जे निघेल ते आम्ही तुम्हाला येऊन सांगू." मला वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, "आपल्याला कशाला अडकवून घेतेस?" म्हणाली, "तुम्हीच अडकवलंय."

मग ती आजारी पडली. मग गेली. त्याबद्दल मी बोलणार नाही.

गेल्या वसंतात एक जाणकार गोरा म्हातारा गाडी बघायला आला. ह्या गाड्यांच्या लोकांत त्याचा शब्द चालतो. तो "हो" म्हणाला की गाडीला नाव मिळतं. बायकोनेच त्याला कधीतरी गाडीचं आणि म्हातारीचं सगळं लिहून ठेवलं होतं. त्याने उघडा पत्रा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"हे कुणी केलं?"

"मी."

"तुला तुरुंगात टाकायला पाहिजे, मित्रा."

पण तो चिवट होता. म्हणाला, बाहेरून घासलंस, पण बॉनेटच्या आतल्या दुमडलेल्या कडेला कुणी पॉलिश पेपर लावत नाही. बाहेरचा रंग मारताना थोडा तिथे जातोच. बॉनेट उलटं केलं, मी टॉर्च धरला, त्याने भिंग लावलं. दुमडीत, रिबिटांच्या खाचेत, गडद लाल. वाळलेलं, धूळ बसलेलं, पण लाल.

तो लहान पोरासारखा ओरडला. मीसुद्धा ओरडलो, खोटं का सांगू. बायको गेल्यापासून मला पहिल्यांदा आनंद झाला होता. त्याने तिथल्या तिथे म्हातारीला फोन लावला. "लाल सापडला! तुझ्या वडिलांचीच आहे!" पलीकडे ती रडायला लागली. आणि तिचं रडणं ऐकताना माझ्या डोक्यात आलं की तो लाल कसला आहे.

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. हातोड्या, पत्र्यामागे धरायची डॉली, वेल्डिंगची टॉर्च, आणि घरातल्या गाड्या. बायको ह्या मिजेटचीही पूजा करायची. पहिल्या वर्षी तिने बॉनेटवर कुंकू लावायला हात नेला आणि मी खेकसलो, "उघडा पत्रा आहे, डाग पडेल." म्हणाली, "बरं बाई, आत लावते, गाडीला कळतं." तेव्हापासून दरवर्षी खोबरेल तेलात कालवलेलं कुंकू बॉनेटच्या आतल्या कडेला. बोट दाबून, पाच ठिकाणी.

मी टॉर्च विझवला. बोललो काहीच नाही. म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात हातात घेतले, चहा प्यायला, गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबू कापलं. तिचं कुंकू हळदीचं, माहेराहून आलेलं. हळदीच्या कुंकवावर लिंबू पडलं की ते पिवळं होतं, हे कुठल्याही बाईला माहीत असतं, मला तिच्यामुळे माहीत. कडेच्या डागावर एक थेंब टाकला. पिवळा झाला. बाकीच्या चारांना हात लावला नाही.

मुलीला फोन केला. तिचा जन्म इथला. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत.

"बाबा, लेट हर हॅव इट. शी इज एटी-नाइन."

"आणि खोटं?"

"हू इज इट हर्टिंग?"

तिने मग मराठीत विचारलं, "बाबा, तुम्हाला नक्की कुणाला सांगायचंय? तिला की आईला?"

"मला काय ठाऊक," म्हटलं आणि फोन ठेवला.

तीन आठवडे असेच घालवले. खोटं पचतं का बघत होतो. रोज वाटायचं, ती सीटला हात लावेल, दोन मिनिटं रडेल, मरेल सुखाने, तुझं काय जातंय? आणि रोज वाटायचं, आधी रंग घासून तिचा बाप पुसलास, आता कुंकू लावून दुसराच बाप आणून देणार का. दोन्ही खरं होतं. तो लाल तिच्या वडिलांचा नव्हता म्हणून गाडी त्यांची नव्हती असंही नाही. असेलही. मीच कळायला जागा ठेवली नव्हती.

म्हातारीकडे जायचं ठरलेल्या शनिवारी गाडी ट्रेलरवर चढवली आणि निघालो. मुलगी येते म्हणाली होती. नको म्हटलं.

म्हातारीच्या घरापुढे दहा-बाराजण घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. शेजारी सगळे. तिने सगळ्यांना सांगितलं होतं की आज बाबांची गाडी येणार. टेबलावर केक. ती चाकाच्या वॉकरला धरून उभी, अंगात लाल स्वेटर.

गाडी उतरवण्याआधी म्हटलं, "तुमच्याशी आत बोलायचंय."

स्वयंपाकघरात बसलो. माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. लाल रंग नाही. पावडर आहे. माझी बायको पूजेत लावायची. मला त्याच दिवशी कळलं, मी बोललो नाही.

ती टेबलावरची मिठाची बाटली इकडची तिकडे करत होती.

"तीन आठवडे?"

"हो."

"मी केक सांगितला. माणसं बोलावली."

"हो."

"गप्प बसला असतास तर मला कधी कळलं नसतं."

"नसतं."

तिने ड्रॉवरमधून बायकोच्या पत्रांचा गठ्ठा काढला, चष्मा लावला आणि एक ओळ मोठ्याने वाचली. ही ओळ बायकोने मला कधी वाचून दाखवली नव्हती. "माझ्या नवऱ्याने सगळा रंग घासून काढला आहे. त्याच्या धंद्यात ह्याला सफाई म्हणतात. पण पत्र्याबद्दल तो कधी खोटं बोलत नाही, तेव्हा वाट बघा."

मला उठून बाहेर जायचं होतं.

मग ती म्हणाली, "तू पत्र्याचा माणूस ना? ये इकडे." आणि मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीवर वडिलांचा फोटो होता, गाडीशेजारी उभे. ह्याची झेरॉक्स आमच्याकडे होती, काळीठिक्कर, तिच्यात गाडी आहे एवढंच कळायचं. खरा फोटो ती कधी घराबाहेर जाऊ देत नव्हती. मी तो पहिल्यांदा बघत होतो. तिला विचारून खाली काढला, खिडकीपाशी नेला.

वाचता येत नाही मला, पण पत्रा वाचता येतो. त्या गाडीच्या शेपटीवर मधोमध, माथ्यावरून खाली, ऊन एका रेघेत मोडत होतं. सांधा. शेपटी दोन अर्धुकं करून मध्ये जोडलेली. माझ्या गाडीची शेपटी मी घासलीय, ठोकलीय, अंधारातही ओळखीन. तिचा माथा एका तुकड्याचा आहे आणि दोन्ही कुशींना सांधे आहेत. शेपटी बदलली म्हणावं तर सांगाड्याचा मागचा बाकही वेगळा. फोटोत तो चाकाच्या वरून जातो, माझ्यात खालून. ज्या हाताने ही बांधली त्या हाताने ती बांधलेली नाही.

"नाही," म्हटलं. "ही तुमच्या वडिलांची नव्हे."

"नक्की?"

"नक्की. रंग असता तरी नव्हती."

तिने फोटो माझ्या हातातून घेतला आणि ती रेघ बोटाने शोधली. "म्हणजे ती दुसरीकडे कुठेतरी आहे."

"किंवा भंगारात गेली."

"तू फार वाईट बोलतोस."

"बायकोपण हेच म्हणायची."

ती हसली नाही. वॉकर वळवला आणि बाहेर गेली. मला वाटलं सगळ्यांना घरी पाठवील. ती पायरीवर उभी राहिली आणि तिने मोठ्याने सांगितलं, "ही माझ्या बाबांची गाडी नाही. ह्या माणसाची आहे. केक खाऊन जा." मग आत गेली आणि दार लावून घेतलं. सीटला हात लावला नाही.

केक कुणी खावा कळेना. दोघं-तिघं उठून गेले. बाकीचे ट्रेलरभोवती आले, कारण आले होते ते बघायलाच. एका उंच म्हाताऱ्याने टोपी काढली, वाकून सीटमध्ये बघितलं आणि मला विचारलं, "मग कुणाची आहे?"

"माहीत नाही," म्हटलं, आणि ट्रेलरचे पट्टे आवळायला लागलो.