टाकीच्या शाळेचं बारसं

घाटकोपरच्या डोंगरावर मी शिकवते ती पालिकेची शाळा सगळ्यांसाठी टाकीची शाळा होती. मग आमच्या नगरसेवकाने तिला आपल्या मेलेल्या बापाचं नाव दिलं. हा बाप वस्तीचा दादा. नळ त्याच्या ताब्यात होता, त्याला सलाम न ठोकणाऱ्याला पाणी मिळायचं नाही. माझ्या आईचा भरलेला हंडा त्याने भर रांगेत लाथेने उडवला, तेव्हा मी तिचा पदर धरून उभी होते.

नामकरणाला मुलांनी त्या थोर माणसावर भाषणं करावीत, असा निरोप आला. भाषणं बसवायचं काम माझ्याकडेच दिलं. मी वर्गाला म्हटलं, "तो कसा होता ते घरी आजीला विचारा. ती सांगेल तेच बोला."

पहिलीच मुलगी माइकवर खणखणीत बोलली, "ते आमचं पाणी बंद करायचे. आजी म्हणते, मेला ते बरं झालं."

मंडपातल्या म्हाताऱ्या खदाखदा हसल्या. नगरसेवक हार गळ्यात तसाच ठेवून निघून गेला.

पाटी अजून आहे. असू दे. दर जूनमध्ये नव्या वर्गाला मी पहिला गृहपाठ तोच देते.