मालगुजाराची चामखीळ आणि माझे केस

शेजारचा म्हातारा वारला तेव्हा पोरांना घाईत चांगला फोटो सापडला नाही. आधार कार्डावरचाच मोठा करून हार घातला. चोरीत धरून आणल्यासारखा दिसत होता बिचारा. त्याच दिवशी मी ठरवलं, भिंतीवरचं आपलं चित्र आपण जिवंतपणीच काढून घ्यायचं.

मी चौथी शिकलो. पण हिंगण्याच्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवली आणि साहेबाचं चुकलं तर तोंडावर सांगितलं. भिंतीवर लटकायचं तेही तसंच, ताठ.

गल्लीत ड्रॉइंगचे रिटायर मास्तर राहतात. ते तयार झाले, पण दर रविवारी त्यांच्या देवाची गोष्ट ऐकावी लागे. देव म्हणजे जुन्या काळचा एक चित्रकार. त्याने एका मालगुजाराचं, म्हणजे गावच्या जमीनदाराचं, चित्र काढलं, नाकावरच्या चामखिळीसकट. मालगुजार म्हणाला, चामखीळ काढून टाक. चित्रकार म्हणाला, आधी तुमच्या नाकावरची काढा. चित्र परत आलं. चित्रकार उपाशी राहिला, पण चामखिळीला हात लावला नाही. इथे मास्तरांचे डोळे भरत. मला हलायची मनाई, म्हणून मी गप ऐकायचो.

पहिल्या रविवारी मी काळी मेहंदी लावून गेलो होतो. पण मास्तरांचं काम हळू, कानालाच दोन रविवार. आणि मेहंदी लावून देणारी आमची बायको लेकीच्या बाळंतपणाला उमरेडला गेलेली. दोन महिन्यांनी चित्र पाहिलं तर केस वरून काळे आणि मुळाशी बोटभर पांढरे!

"मास्तर, हे काय करून ठेवलं?"

"दिसलं ते काढलं, भाऊ."

"पहिल्या दिवशी काळे नव्हते काय?"

"तवा मी कान काढून राहिलो होतो."

"बायको उद्या येते. मेहंदी लावून येतो, मंग सुधरवा."

"तुम्ही डोक्याले काहीबी लावा. चित्राले हात लागणार नाही."

"मंग मले नाही पाहिजे! ठेवा तुमच्याजवळ."

मला वाटलं, आता नरमतील. कसचं काय! मास्तर उठून उभेच राहिले.

"परत करता? पक्कं?" चेहरा उजळला त्यांचा. "भाऊ, जिंदगीभर पोरायकडून फुलदाण्यायची चित्रं काढून घेतली. माझं एकबी चित्र कोणी परत केलं नाही. कोणी मागितलंच नव्हतं."

आणि ते खिळा शोधायला लागले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चित्र इथे टांगलं की येणाऱ्याजाणाऱ्याला नवी गोष्ट सांगितली जाणार. तिच्यात मास्तर मोठे चित्रकार, आणि मी? मी मालगुजार! जन्मात कोणापुढे न वाकलेला माणूस मी. चित्र उचललं, काखेत मारलं आणि निघालो. रंग ओला होता, सदऱ्याला माझ्याच खांद्याचा डाग पडला. मास्तर हातात खिळा घेऊन फाटकापर्यंत मागे आले.

"भाऊ, असं काहून करता? आत्ताच तर परत केलं होतं!"

दुसऱ्या दिवशी बायको आली. चित्रासमोर उभी राहून म्हणाली, "हेच ते ध्यान."

आता चित्र बैठकीत आहे. येणारा माणूस एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा माझ्याकडे. म्हणून मेहंदी लावताना मी बायकोला बजावतो, "अवं, मुळाशी बोटभर सोड."

"मंग लावता कायले?"

"चित्रात आहे म्हणून."