बाजाराच्या दिवशी घेतलेली झडती

बत्तीस वर्षं पोलीस खात्यात काढली. बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेलीत. कोणता चोर कोणत्या ठाण्यातला, तेही आठवत नाही. एक प्रकरण मात्र जसंच्या तसं डोळ्यांपुढं आहे, कारण त्यात चुकलो होतो मी. नावं कुणाचीच सांगणार नाही. माझं सांगायला हरकत नव्हती, पण आमची मंडळी नको म्हणतात.

शिरोळ तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. उन्हाळ्यात नदीकाठच्या पाण्याच्या मोटरी चोरीला जाऊ लागल्या. चोर मोटर जागेवरच उघडायचा, आतली तांब्याची तार न्यायचा आणि रिकामा सांगाडा टाकून द्यायचा. ऊस वाळायला लागला, तशी ठाण्यात गर्दी वाढली. मोटर गेलेल्या एक मावशी तर रोज सकाळी ठाणे अंमलदारापुढच्या बाकावर येऊन बसायच्या. "घावला का चोर? न्हाय? मग मी बसतो हितंच."

अशात तालुक्यात पंप बसवणाऱ्या, मोटरीही भरणाऱ्या एका मेकॅनिकनं मला बाजूला घेतलं. माणूस मानाचा, ठाण्यात ऊठबस असलेला. म्हणाला, "सायेब, तुमचं जुनं गिऱ्हाईक बाजारपेठेत दुकान टाकून बसलंय. पोतंभर तांबं हाय त्याच्याकडं."

हे जुनं गिऱ्हाईक म्हणजे मोटरचोरच. तो विशीत असताना मीच त्याला पहिल्यांदा पकडला होता. पुढं त्यानं दोनदा शिक्षा भोगली. दुसऱ्या खेपेला तो कारागृहातल्या कारखान्यात मोटर भरायला, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायला शिकला आणि सुटल्यावर त्याच कामाचं दुकान टाकलं. ठाण्यात हजेरीला न चुकता यायचा. हे सगळं मला माहीत होतं. तरी खबर मिळाली आणि माझं डोकं रेकॉर्डच्याच वाटेनं धावलं.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, दोन पंच घेऊन जीप त्याच्या दारात लावली. माणसं जमली. तो एवढंच म्हणाला, "सायेब, निरोप धाडला असता तर चालत आलो असतो की. आता हितं मोटर कोण आणून टाकणार?"

मी त्याला जीपमध्ये बसायला सांगितलं. दुकानात तांबं निघालं, पण लहान लहान जुड्यांत, आणि प्रत्येक जुडीला गावाची अन् मालकाची चिठ्ठी. खातरजमा करायला हवालदाराला मागं ठेवलं.

चौकशीची माझी एक रीत होती. एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचा. खोटं बोलणारा दर वेळी त्यात थोडं मीठमसाला घालतो. ह्यानं तीन तास काहीच घातलं नाही. शेवटी मी मावशींच्या मोटरीचा सांगाडा त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो मांडीवर घेतला, आतल्या खाचांतून बोट फिरवलं.

"हे घण घालून फोडल्यालं न्हाय, सायेब. बोल्ट पान्यानं खोलल्यात. तार एका अंगानं कापून दुसऱ्या अंगानं वढून काढल्या. मोटर भरणाऱ्याचं काम हाय हे."

"म्हणजे तुझंच."

"व्हय, तसंच दिसतंय की."

मी चाटच पडलो. हा चोर असता तर घणाचं काम आहे म्हणून मोकळा झाला असता. इथं तर गडी आपल्याच गळ्यात दोरी अडकवत होता, कारण कामाबद्दल खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं. मी विचारलं, "असा हात आणखी कुणाचा?"

त्यानं सांगाडा मांडीवरून खाली ठेवला. म्हणाला, "एकाचा हाय. पर नाव मी घ्यायचो न्हाय. जेलातनं आलो तवा दारात कुत्रंबी फिरकत नव्हतं. पैली मोटर त्यानं दिली."

तेवढ्यात हवालदार परत आला. सगळ्या जुड्या मालकांशी जुळल्या होत्या. त्यानं चिठ्ठ्यांचं कारण विचारलं, तर हा म्हणतो, "जुनं तांबं ज्याचं त्याला परत देतो. दुकानात साठलं की माझाच मला भरवसा वाटत न्हाय."

याला पहिली मोटर कुणी दिली, हे हवालदाराला बाजारात सहज कळलं होतं. त्याच मेकॅनिकनं, ज्यानं मला खबर दिली होती! त्या संध्याकाळी मेकॅनिकच्या घरी झडती घेतली. कडब्याच्या गंजीखाली तार निघाली. पंप बसवताना कुठली मोटर राखणीविना असते, हे त्याला आपोआप कळायचं. त्यानं कबुली दिली, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली.

दुकान मात्र ओस पडलं. पुढच्या हजेरीला तो आला तेव्हा म्हणाला, "लोक मोटरी परत न्यायला लागल्यात. म्हैनाभर बघतो, न्हायतर कागलच्या एमआयडीसीत हमालीला जातो." मला फार वाईट वाटलं. चूक कबूल करायचा फॉर्म आमच्या खात्यात नाही. म्हणून पुढच्या बाजाराला वर्दीत गेलो, त्याच्या दुकानापुढं उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "ह्याला मी चुकून नेला होता. चोर दुसरा निघाला. चूक माझी." बोलताना कान तापले होते.

तेवढ्यात मागून मावशींचा आवाज आला. कोर्टातून सोडवून घेतलेला सांगाडा त्यांनी हातगाड्यावर आणला होता. "झालं का सायेब बोलून? मग बाजूला सरा जरा. मोटर आत घ्यायची हाय."

दुकान आजही चालू आहे. महिन्यातून एकदा तो कारागृहात कैद्यांना मोटर भरायला शिकवतो. परवा सांगत होता, "सायेब, आत जाताना अजून मागं वळून गेट बघतोय. पर शिकणारी पोरं वाट बघत असत्यात."

नव्या अधिकाऱ्यांना मी सांगतो, रेकॉर्ड जरूर बघा, पण त्यावरची शेवटची तारीख आधी बघा. त्यानंतरची वर्षं माणसानं कशी काढली ते फायलीत नसतं. जाऊन विचारावं लागतं. मी विचारायच्या आधी पंच घेऊन गेलो. ती चूक लक्षात राहिली म्हणून पुढच्या नोकरीत दोन-चार माणसं माझ्याच तशा चुकीतून वाचली, आणि त्याचं समाधान मला बक्षिसांपेक्षा मोठं वाटतं.