तहाआधीचे तीन दिवस

माझ्या बायकोच्या मामांनी दुसऱ्या महायुद्धाचा जेवढा धसका घेतला होता, तेवढा खुद्द चेकोस्लोव्हाकियानेही घेतला नसेल. आणि तोही ते युद्ध संपून पन्नास वर्षं उलटल्यावर. पंचवटीतल्या त्यांच्या घरी एकोणीसशे अडतीस सालच्या जुलैपासून एक ऑक्टोबरपर्यंतच्या, म्हणजे इंग्लंड-जर्मनीचा तह होऊन लढाई तेवढ्यापुरती टळेपर्यंतच्या, वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. दरवर्षी जुलै लागला की मामा त्या त्या तारखेचा अंक त्या त्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर उघडायचे, जणू तो आत्ताच दारात येऊन पडलाय. पुढचा अंक उघडून बघायची घरात कुणाची बिशाद नव्हती. चीनमध्ये जपानी फौजा पुढे सरकल्या की मामींची आमटी हमखास अळणी व्हायची. ऑगस्टात इंग्लंडचा एक फलंदाज बादच होत नसे, ते दिवस मामा "हा मेला आजही खेळतोय" म्हणत फेऱ्या घालण्यात काढायचे. सप्टेंबर तर विचारूच नका. जर्मनीचा 'तो मिशीवाला' भाषण करणार असेल त्या दिवशी घरात कुकर लावायची बंदी. लंडनच्या बागांत खंदक खणायला लागले तेव्हा मामांनी परसातल्या अळूच्या वाफ्यात कुदळ घातली होती. एकदा भर भाजीबाजारात त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "जावईबापू, इंग्लंडचा पंतप्रधान, तो छत्रीवाला म्हातारा, मिशीवाल्याला भेटायला विमानात बसला. तुमच्या घरात रॉकेल किती आहे?" आणि मी घरी जाऊन खरंच कॅन हलवून पाहिला.

सत्त्याण्णव साली मामांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. एक डोळा आधीच गेलेला, आता उरलेल्याची पाळी. "एकदा तह होऊन जाऊ द्या, मग करू," मामा म्हणाले. "कसला तह?" डॉक्टरांनी विचारलं आणि तारीख दिली सप्टेंबरअखेरची. शस्त्रक्रिया पार पडली, पट्टी बांधली, आणि डॉक्टरांनी आम्हाला बजावलं की रक्तदाब चढला तर हाही डोळा हातचा जाईल. वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. अठ्ठावीस तारखेचा अंक उघडला आणि मीच आधी खिडकीतून आभाळाकडे पाहिलं. इंग्लंडचं आरमार सज्ज, विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे घरोघर वाटलेले. "वाचा ना! लागली का लढाई?" मामांनी चादर मुठीत आवळली होती, कपाळावरची शीर ताठ झाली होती. दारात उभ्या मामींनी मला खुणावलं, काहीतरी करा म्हणून. मी हळूच गठ्ठ्याच्या तळाचा अंक ओढला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मामा, तह झाला! लढाई टळली!"

मला वाटलं, आता पेढे मागवतील. पण मामांच्या मुठी सुटल्या त्या सुटल्याच. मग म्हणाले, "आज अठ्ठावीसच ना हो?"

"हो."

"हे अंक माझ्या दादानं जमवलेत. मला जवळ बसवून रोज वाचून दाखवायचा. पुढच्या वर्षी खरी लढाई लागली, तो भरती झाला, आणि आलाच नाही. तह झाला की गठ्ठा संपतो. मग पुढच्या जुलैपर्यंत दादा घरात नसतो." त्यांनी चाचपत गठ्ठ्यावर हात ठेवला. "अजून तीन दिवस होते, जावईबापू. घालवलेत तुम्ही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळा वाचवायच्या नादात मी काय करून बसलो होतो! मामी पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मी अठ्ठावीसचा अंक पुन्हा मांडीवर घेतला. "मामा, मघाशी भलताच अंक हाती आला. आजचा वाचतो."

त्यांची मान माझ्याकडे वळली. मग मी अगदी वरच्या ओळीपासून सुरुवात केली. आरमार, मुखवटे, कापसाचे भाव, केसांच्या तेलाची जाहिरात, कुणाची तरी हरवलेली गाय, काही म्हणजे काही सोडलं नाही. शेवटच्या पानावर पोचायला मी संध्याकाळ केली.