अक्कांनी पुरं केलेलं तळं

ठिपक्यांनी निसर्गचित्र काढायला शिकवणारे आमचे सर एकच गोष्ट घोकून घेत: रंग एकमेकांत कालवायचे नाहीत. निळ्याशेजारी पिवळा ठिपका ठेवायचा, मध्ये कागद कोरा सोडायचा. हिरवा रंग लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात आपोआप होतो. नव्वदचं दशक होतं. आठवडाभर ऑफिस करून रविवारी स्वयंपाक उरकला की मी हेब्बाळच्या तळ्यावर जाऊन कागदावर ठिपके देत बसे. घरात सगळे त्याला माझी टिकटिक म्हणून हसत. मी गिळून घेई, कारण वर्गाच्या प्रदर्शनात ते तळं लागणार होतं. लग्नानंतर माझं म्हणून काही भिंतीवर लागण्याची ती पहिलीच वेळ होती.

सरांकडे चित्र द्यायच्या दिवशी ते हॉलमध्ये टेकवून मी ऑफिसला गेले. परत आले तर तळं गुळगुळीत हिरवं झालेलं. पाण्यावरचा उजेड गेला होता, पलीकडची झाडं गेली होती. माझ्या थोरल्या जाऊबाई, ज्यांना सगळं घर अक्का म्हणे, माझे ब्रश धूत होत्या. त्यांच्याइतकी सुरेख रांगोळी गल्लीत कुणाची नव्हती, आणि ठिपके न जोडता सोडणं त्यांना अशुभ वाटे.

"स्वल्प राहिलं होतं गं," त्या आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या. "ठिपके तसेच सोडलेलीस. मी जोडून दिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं मला आत नेऊन समजावलं की त्यांनी प्रेमानं केलंय, चित्र काय, पुन्हा काढता येईल. त्यांची रांगोळी मी पायानं पुसली तर चालेल का, असं मी विचारलं. ती वेगळी गोष्ट, असं तो म्हणाला. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. अक्कांपेक्षा मला त्याचाच राग जास्त आला.

प्रदर्शन माझ्या चित्राशिवाय पार पडलं. सासऱ्यांनी मात्र ते तळं बिनकाचेच्या चौकटीत बसवून हॉलमध्ये लावलं, आणि येणारा-जाणारा माझं कौतुक करू लागला. ते माझ्यानं ऐकवेना. एका संध्याकाळी पाहुण्यांदेखत मी चित्र खिळ्यावरून उतरवलं आणि काळ्या रंगात बुडवलेला ब्रश अक्कांपुढे धरला.

"अक्का, खाली तुमचं नाव घाला."

मला वाटलं, आता तरी त्यांना कळेल. त्या लाजल्या. पदराला हात पुसून त्यांनी कानडी अक्षरांत सावकाश आपलं नाव घातलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांत माझा नवराही होता.