रामगढच्या पाण्यावर बोलायचं नाही

पहिली गोष्ट खटकली ती ह्यांच्या शर्टाचा खिसा.

रविवारी संध्याकाळी हे रामगढच्या तलावावरून मासेमारी करून परत आले. बूट दाराशी काढले, ते कोरडे. मोजे कोरडे. शर्ट धुण्यात टाकायला उचलला, तोही कोरडा. पण छातीवरचा खिसा मात्र ओला! आत कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डाचा लगदा.

मी तर्कशास्त्र घेऊन बी.ए. केलं आहे. बूट कोरडे, म्हणजे ते काढून ठेवले होते. शर्ट उघड्या जीपच्या वाऱ्यावर वाळला, पण खिशाचं दुहेरी कापड वाळलं नाही. म्हणजे पाणी खिशापर्यंत आलं होतं. म्हणजे लग्नाला जेमतेम पाच महिने झालेला माझा नवरा छातीभर पाण्यात उभा होता, आणि तेही शेजारीण ज्यात मगरी आहेत असं शपथेवर सांगते, त्याच तलावात!

"अहो, आज पाण्यात उतरला होतात?"

"छे! आम्ही काठावर बसून असतो."

असं म्हणून हे आंघोळीला गेले, आणि मी मोरीच्या दाराशी उभी राहून तांब्याचे आवाज मोजत बसले. दोन तांब्यांमध्ये जरा जास्त वेळ गेला की मी कडी वाजवायची.

त्याला आता तीन वर्षं झाली. जयपूरला उन्हाळ्यात धुळीची आंधी येऊन गेली की दारं-खिडक्या बंद असूनही घरात वाळू सापडते. उशीच्या अभ्र्यात, मिठाच्या बरणीत, घड्याळाच्या काचेखाली. ह्या मंडळींचे किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. मी एकही गोळा करायला गेले नव्हते.

* * *

मंडळी म्हणजे तीनच. हॉस्पिटलमधले डॉक्टर गद्रे, वय पन्नास, जीप त्यांची, म्हणून पुढारीपणही त्यांचं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे प्रोफेसर बर्वे; पंधरा वर्षं जयपुरात काढल्यामुळे त्यांच्या मराठीत दर दोन वाक्यांनंतर एक 'मतलब' येतो. आणि तिसरे आमचे हे, विमा कंपनीत अधिकारी.

गंमत म्हणजे आमच्या घरात मासा कोणी खात नाही. बर्व्यांकडेही नाही. सगळी शिकार डॉक्टरांच्या घरी जाते.

"मग पकडता कशाला?" मी एकदा विचारलं.

हे गंभीरपणे म्हणाले, "पाण्याच्या काठी बसलं की मला कोणी पॉलिसीबद्दल विचारत नाही."

दुसऱ्यांना पटवताना हे तासभर सांगतात की माणसाचा भरवसा नाही! स्वतःच्या फॉर्मवर 'धोकादायक छंद' ह्या रकान्यात लिहिलंय, 'वाचन'.

* * *

ह्यांना पोहता येत नाही हे मला बर्वेवहिनींमुळे कळलं. आम्ही दोघी दुर्गापुऱ्याला त्यांच्या गच्चीवर पापड वाळत घालत होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, ह्या तिघांना पोहता येतं ना?"

"डॉक्टरांना उत्तम येतं. आमचे तरंगतात. मतलब, पोटामुळे. आणि तुझ्या नवऱ्याचं काय विचारतेस? तो तर कृष्णाकाठचा!"

माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन मी कौतुकानं म्हटलं, "कृष्णेत रोज डुंबत असाल ना लहानपणी?"

"छे गं! माझा कान फुटायचा. मी घाटावर बसून इतरांचे कपडे सांभाळायचो."

"मग हे डॉक्टरांना सांगितलंत?"

"त्यांनी कधी विचारलं नाही."

त्या दिवसापासून माझं रविवारचं जेवण सुटलं.

* * *

डॉक्टरांचा एकच कडक नियम: पाण्यावर बोलायचं नाही. माशाला पावलांचा आवाज कळतो, खोकला कळतो, मग बोलणं कळणारच! गळ पाण्यात असेपर्यंत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. फारच अडलं तर चिठ्ठी लिहायची. त्यासाठी बर्वे खिशात पेन्सिल आणि वही ठेवतात.

एकदा तिघं ओळीनं बसले होते. एका टोकाला डॉक्टर, दुसऱ्या टोकाला बर्वे, मध्ये हे. बर्व्यांनी वहीचा कागद फाडून काहीतरी लिहिलं आणि ह्यांच्या हातात दिलं. ह्यांनी तो वाकून डॉक्टरांना पोचवला. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं:

'तुमच्या मागे मगर आहे.'

डॉक्टरांनी मान न वळवता पेन्सिल मागवून घेतली. खाली लिहिलं, 'किती लांब?'

चिठ्ठी ह्यांच्या हातून परत गेली. बर्व्यांनी पाहिलं, अंदाज घेतला आणि उत्तर पाठवलं:

'आता कमी.'

हा किस्सा बर्व्यांनी आमच्याच घरी चहा पिताना सांगितला. सगळे हसून हसून लाल झाले. मी बशी खाली ठेवली.

"आणि मध्ये बसून तुम्ही काय करत होतात?" मी ह्यांना विचारलं.

"चिठ्ठ्या पोचवत होतो."

"वाचल्या नाहीत?"

"दुसऱ्याची चिठ्ठी कशी वाचायची?"

* * *

होळीच्या दुसऱ्या दिवशी ह्यांनी माझ्या डब्यातला पुरणाचा गोळा नेला. एरवी कणकेत हिंग आणि मोहरीची पेंड कालवून हे लोक आमिष करतात. त्या दिवशी पुरण लावलं आणि म्हणे रोहूंनी रांग लावली!

पुढच्या शनिवारी डॉक्टर स्वतः दारात हजर. "वहिनी, उद्या पुरण होईल का? वेलदोडा तेवढाच ठेवा, जायफळ नको. मागच्या वेळी बर्व्यांकडच्या जायफळाच्या गोळ्याला कोणी तोंड लावलं नाही."

मी हो म्हटलं. काठावर बसून पुरणानं मासा येत असेल तर पाण्यात कोण उतरेल, असा माझा हिशोब. वर्षभर मी दर शनिवारी डाळ शिजवून वाटली. आईनं पत्रात विचारलं, 'जावईबापूंना पुरण फार आवडतं वाटतं?' काय कळवणार?

आणि एका रविवारी खिसा पुन्हा ओला!

* * *

एक मोठा रोहू डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी नेणार होते. मी काही मासा स्वयंपाकघरात घेऊ देईना, म्हणून ह्यांनी तो मागच्या व्हरांड्यात उंच खुंटीला टांगला. आमचं घर वस्तीच्या शेवटी. पलीकडे शेतं, त्यापुढे झालान्याच्या टेकड्या. संध्याकाळी नीलगाई कुंपणापर्यंत येतात. पहिल्यांदा मी त्यातल्या एकीला चोर समजून काठी आपटली, तर ती माझ्याहून शांतपणे चरत राहिली.

सकाळी पाहिलं, तर खुंटीवर नुसती दोरी.

"मांजर," हे म्हणाले.

फरशीवर ओल्या मातीचे ठसे होते. बर्वे फूटपट्टी घेऊन आले. गुडघ्यावर बसून मोजलं, वहीत लिहिलं, पुन्हा मोजलं.

"मांजरच आहे," ते म्हणाले. "मतलब, मोठं."

"किती मोठं?"

"बिबट्या." माझा चेहरा पाहून त्यांनी घाईघाईनं धीर दिला, "वहिनी, घाबरायचं नाही. बिबट्या माणसाला नेहमी टाळतो."

"आणि माणसानं बिबट्याला कसं टाळायचं?"

बर्व्यांनी पट्टी खिशात घातली. "ते सिलॅबसमध्ये नाही."

* * *

शेवटी मी ठरवलं, घरी बसून मरण्यापेक्षा तिथे जाऊन मरावं. मी आणि बर्वेवहिनी जीपमध्ये मागे बसून जायला लागलो.

पहिल्याच दिवशी पायाशी एक दगड चालायला लागला आणि मी किंचाळले. कासव होतं. पलीकडच्या काठावरची बदकं उडाली, बगळे उडाले, डॉक्टरांचा गळाला लागलेला मासा सुटला. डॉक्टरांनी एक अक्षर काढलं नाही, नियम! चिठ्ठी आली: 'वहिनींनी बांधावर बसावं.'

बांधावर तलावाचे चौकीदार भंवरलालजी बसलेले असत. पांढऱ्या मिशा, केशरी फेटा. मी त्यांना विचारलं, "बाबा, यहाँ मगर सच में हैं?"

"हैं, बीनणी." बीनणी म्हणजे सूनबाई.

"कितने?"

"मगर तो अपने घर में है," ते विडी विझवत म्हणाले. "कभी गिनवाने आया नहीं."

* * *

मग मी कपडे वाळत घालायची दोरी नेली. एक टोक ह्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या मनगटाला. "अगं, लोक हसतील," हे म्हणाले. "हसू देत," मी म्हटलं. लोक हसलेच. बर्व्यांनी चिठ्ठी पाठवली: 'वहिनींच्या गळाला चांगला मासा लागलाय, सोडू नका!'

तासाभरानं दोरीला असा हिसका बसला की माझा हात खांद्यातून निघतो की काय! मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही पाय रोवून ओढलं. डोळे उघडले तेव्हा हे चिखलात उताणे पडले होते, आणि त्यांच्या गळाला लागलेला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा रोहू तलावाच्या मध्याकडे निघाला होता.

परत येताना जीप शहरात शिरल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजचं सगळ्यात मोठं वजन वहिनींनी काढलं. दीड मण तरी असेल."

ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी तह झाला: मी दोरी आणायची नाही, आणि ह्यांनी घोट्याच्या वर पाण्यात जायचं नाही. ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

* * *

आता ह्या जानेवारीतली गोष्ट.

सकाळी आठला रामगढला पोचलो, तर तलावच नव्हता! धुकं असं की जीपमध्ये बसून जीपचं तोंड दिसेना. तिघं एकामागोमाग पांढऱ्यात शिरले आणि नाहीसे झाले. बर्वेवहिनींनी काचा चढवल्या, मफलर कानावर ओढला आणि पाच मिनिटांत घोरायला लागल्या.

भंवरलालजी शेकोटीशी होते. मी उगाच विचारलं, "बाबा, ठंड में मगर बाहर आता है ना? धूप खाने?"

"धूप हो तो आता है." त्यांनी आभाळाकडे पाहिलं. "आज तो पानी में ही होगा."

मी उठले. हात पुढे धरून, चाचपडत, ह्यांच्या नेहमीच्या जागेपर्यंत उतरले. दोन बेचक्यांच्या काड्यांवर गळाची काठी टेकवलेली होती. शेजारी बूट, बुटांत मोजे, मोज्यांवर चष्मा. चष्म्याशिवाय ह्यांना स्वतःचा हात दिसत नाही. काठीची दोरी ताठ होऊन सरळ धुक्यात गेली होती, आणि माणूस नव्हता.

शपथेवर किती विश्वास ठेवायचा हे मला कळून चुकलं.

"अहो!" मी हळूच हाक मारली.

काही नाही. डावीकडे कुठंतरी डुबुक असा आवाज झाला. जड.

"अहो! ऐकलंत का?"

नंतर कळलं ते असं. डॉक्टर डावीकडे वीस पावलांवर होते. त्यांनी हाक ऐकली. त्यांची बायको त्या दिवशी घरी होती, म्हणजे 'अहो' त्यांना नव्हतं, म्हणून त्यांनी नियम पाळला. बर्वे उजवीकडे होते. त्यांनीही ऐकली. आवाज आपल्या हिचा नाही, एवढी खात्री करून तेही गळाकडे पाहत बसले. तिघांच्या बायका तिघांना 'अहो'च म्हणणार. त्यात त्यांची काय चूक?

"अहो ऽऽ!"

दोरी थरथरली. मग एकदम सैल पडली.

आता नावानं हाक मारण्यावाचून उपाय नव्हता. लग्नात सगळ्यांनी अडवून धरलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं होतं, त्यानंतर ते नाव माझ्या ओठांवर आलं नव्हतं. उखाण्यात तरी पुढे 'राव' होतं.

"वसंतराव!" मी ओरडले. आवाज धुक्यात दोन हातही गेला नाही. कुणाच्या तरी ऑफिसात कारकुनाला बोलावल्यासारखा.

पाण्यात पुन्हा डुबुक झालं, आता जवळ. मी चपला काढल्या. पाय पाण्यात घातला, बर्फ. दुसरा घातला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, साडी जड झाली, आणि मग मला माझाच आवाज ओळखू आला नाही. पोटाच्या तळापासून, आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा, हुकमी, दोन्ही काठांना ऐकू जाईल असा.

"वसंताऽऽऽ! जिथे असशील तिथून आधी बाहेर ये!"

धुक्यात कुठंतरी बगळे फडफडत उडाले. आणि मग थेट पाण्यातून, दहा-बारा हातांवरून, धडपडत, घाईघाईनं उत्तर आलं:

"आलो गं आई!"