निरगुडीच्या वीस पुड्या

निरगुडीच्या प्रकरणात फसवणूक मी केली आणि फसले ते आमच्या भिसेगावातले निवृत्त विज्ञानमास्तर. बाजारात मात्र मी वर्षभर उलटंच सांगत फिरलो.

पुराव्याला इतका चिकटलेला माणूस कर्जत-खालापुरात दुसरा सापडायचा नाही. लग्नाच्या पंगतीत कुणी 'जिलबी छान झालीय' म्हटलं, की मास्तर शांतपणे विचारणार, "कशाच्या तुलनेत?" माझ्या दुकानातली फरशी पंचवीस वर्षं टिकते असं मी एकदा बोलून गेलो, तर त्यांनी तिचा तुकडा मागून नेला, अंगणात शहाबादीशेजारी पुरला आणि दर पाडव्याला, नेमकी गिऱ्हाइकं उभी असताना, दुकानात येऊन उरलेली वर्षं मोजून दाखवायला लागले. एकदा म्हणाले, "अजून सोळा वर्षं बाकी आहेत हं." माझं डोकं फिरायचं. हमाली करत करत मी दुकान उभं केलंय. मालाची पारख मला कुणी शिकवावी?

त्यांच्या घरात भांडण एकच, पण चाळीस वर्षं चाललेलं. मास्तरांचं नाक चोंदलं की त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या बाई, निरगुडीचा वाफारा देत, आणि मास्तर टॉवेलखालून म्हणत, "नुसत्या गरम पाण्यानंही एवढंच मोकळं होत असेल." बाई म्हणत, "मग द्या ना सिद्ध करून!" पंचाहत्तरी उलटल्यावर मास्तरांनी ते खरोखर मनावर घेतलं. पाला वाळवून, कुटून, कापडाच्या वीस पुड्या शिवल्या. दहांत निरगुडी, दहांत शेवगा. वास सारखा यावा म्हणून सगळ्यांत सुंठ. पुड्या मिसळून आकडे बाईंनी घातले, आणि कुठल्या आकड्यात काय याची यादी त्यांच्या डब्यात कुलूपबंद, म्हणजे मास्तरांनाही पत्ता नाही. आळीतल्या वीस घरांना एकेक पुडी देऊन त्यांनी बजावलं, "सर्दी झाली की वाफारा घ्या आणि नाक कितव्या दिवशी सुटलं ते सांगा. बाकी काही करू नका."

थंडीत आळीभर शिंका सुरू झाल्या. मी पुडी हातात तोलली, हुंगली आणि ठरवलं, मास्तरांनी आपल्याला शेवगा खपवला. तडक गिरणीवाल्या मावशींकडे गेलो.

"मावशी, तुमची पुडी बघू. माझी घ्या, जड आहे."

"जड हाय तर तूच ठेव की रं!"

"वर दोन लिंबं देतो."

"चार दे. आनि लवकर बोल, माजं नाक गळतंय."

तीन लिंबांवर सौदा पटला. आमचं पाहून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांशी बदल्या केल्या. तिसऱ्या दिवशी माझं नाक सुटलं, आणि निरगुडी म्हणजे निरगुडीच, असं मी चारचौघांत ठणकावून सांगितलं.

पाडव्याआधी मास्तरांच्या ओटीवर सगळी आळी जमली. बाईंनी डबा उघडला, मास्तर यादी वाचू लागले. मला मिळालेल्या पुडीच्या आकड्यापुढे निरगुडी होती, मावशींच्या पुढे शेवगा. "आँ?" मावशी ओरडल्या, "म्हंजे निरगुडी मी घेतली, आनि ह्यो शेवग्यावर बरा झाला?" लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणखी कुणी बदलली?" हळूहळू चौदा हात वर झाले; कुणाची पुडी कुठं गेली, ते कुणालाच धड सांगता येईना. त्यांनी वहीच्या पानावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'पुरावा नाही', आणि बाईंकडे न बघता वही मिटली. हसं झालं म्हणून मी चिडून उठलो. म्हाताऱ्यानं मुद्दाम माझी फजिती केली, हे बाजारात सांगायला त्याच संध्याकाळी सुरुवात केली.

यंदा मास्तरांचे हात थरथरतात; सुईत दोरा जात नाही. पुड्या मी शिवून आणतो म्हणालो, तर ते एवढंच बोलले, "राहू द्या. तुमची सर्दी गेली ना?" बाई आत पाणी उकळत होत्या. त्या बरोबर होत्या की नव्हत्या, हे त्या दोघांना आता कधी कळायचं नाही. बाहेर येऊन चप्पल घालताना मला मान वर करता येईना.

मास्तर, तुम्ही मला रागावून एक शब्दही बोलत नाही, हे मला सोसत नाही. एकदा भर बाजारात मला उभं करा आणि विचारा, माझं काम का नासवलंत? उत्तर मलाच द्यायचं आहे. पण तुम्ही विचारा तरी.